कानामागची टिकली

केतकी बोरस्तेला कामावर काही सुचायला मनाई होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण सिन्नरजवळच्या ज्या औषध कारखान्यात ती गुणवत्ता विभागात होती, तिथे ठरल्यापेक्षा वेगळं जे काही घडेल त्याला ‘डेव्हिएशन’ म्हणत, आणि डेव्हिएशन झालं की चौकशी बसे. गोळ्यांच्या स्ट्रिप कॅमेरे तपासत, त्या कॅमेऱ्यांना दुसरे कॅमेरे तपासत, आणि सगळ्यात शेवटी केतकी सही करी. यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही, म्हणून सहीपुरता एक माणूस ठेवायचा असा कायदा होता. वर्षानुवर्षं सह्या करून आपल्या डोक्यात आता सहीशिवाय काही उरलेलंच नाही, अशी तिला भीती वाटायला लागली होती.

म्हणून तिनं ‘रेघ’ लावली. लोक शिकवणी लावतात, भिशी लावतात, तशी. ‘रेघ’ ही डिझाइन शिकवणारी ऑनलाइन शाळा होती. संध्याकाळी कुकर चढवायचा, जेवणाच्या टेबलावर टॅब टेकवायचा, आणि तासभर खुर्च्या, चमचे, दारांच्या कड्या, पाण्याच्या बाटल्या असल्या वस्तूंकडे पहिल्यांदाच पाहतोय असं पाहायला शिकायचं. नवरा हर्षल महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता होता. “या वयात हे कशाला?” असं त्यानं विचारलं नाही, एवढ्यावरच ती खूश होती. सासूबाईंनी तर उलट जोर लावला. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलेली होती. हातानं चाचपडत त्या टेबलाशी येऊन बसत आणि म्हणत, “शीक गं पोरी. नोकरी पोटाला असते. बोटांना पण काहीतरी लागतं.”

‘रेघ’च्या फीमध्येच एक टिकली मिळे. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ती बोटानं चाचपून पाहिली आणि ‘कानामागची टिकली’ असं बारसं करून टाकलं. उजव्या कानाच्या मागे, केसांखाली ती चिकटवायची.

तिच्या मागचं शास्त्र तसं सरळ होतं. माणसाला काही सुचतं तेव्हा ‘सुचलं!’ असं त्याचं त्याला कळण्याच्या किंचित आधी, म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ आधी, उजव्या कानाच्या वरच्या बाजूला मेंदूत जलद लहरींचा एक झोत उठतो. त्याच्याही थोडं अगोदर मेंदूचा मागचा, बघण्याचं काम करणारा भाग क्षणभर मंदावतो. आत काही नीट दिसावं म्हणून मेंदू जणू बाहेरचं दार लोटून घेतो. इथवरचं ज्ञान जुनंच होतं. नवं होतं ते एवढंच, की प्रत्येक कोड्याची त्या त्या माणसाच्या मेंदूत स्वतःची एक चाल असते. ती चाल आधी टिकलीच्या ओळखीची करून दिली, तर पडलेली ठिणगी कुठल्या कोड्याची हे ती सांगू शकते. विचार तिला वाचता येत नाहीत. काय सुचलं, तेही कळत नाही. कुठली गाठ सुटली आणि कधी, एवढंच कळतं.

शाळेला हे हवं होतं ते शिकवण्यासाठी. “कल्पना टेबलाशी बसून येत नाहीत. तुमची कधी येते ते शोधा. टिकली दिवसभर राहू द्या,” असं शिकवणारी मुलगी सांगे. पहिल्याच आठवड्यात तिनं तीन कोडी निवडायला लावली: एक घरातलं, एक कामावरचं, आणि एक असं की जे सुटून कुणाचाही काडीचा फायदा होणार नाही. केतकीनं घरातलं म्हणून सासूबाईंच्या गोळ्या घेतल्या. त्यांच्या सगळ्या स्ट्रिप केतकीच्याच कारखान्यातल्या, सगळ्या चंदेरी, सगळ्या एकाच मापाच्या. न दिसणाऱ्या माणसानं त्या ओळखायच्या कशा? कामावरचं म्हणून तिनं सील घेतलं. काही स्ट्रिप तपासणीसाठी निळ्या पाण्यात बुडवल्या की आत पाणी शिरे, म्हणजे फॉइल नीट चिकटलेली नसे, आणि का ते कुणाला उमगत नव्हतं. तिसरं कोडं होतं हर्षलच्या चपलेचं. ती नेहमी डावीच का हरवते?

सहा महिने कुठल्याच कोड्याला पान फुटलं नाही. तेवढ्यात सासूबाई गेल्या.

त्या दिवशी केतकी कारखान्यात होती. हर्षलनं सकाळी आईच्या दोन स्ट्रिप बशीत काढून ठेवल्या, एक रक्तदाबाची आणि एक हृदयाचे ठोके आवरणारी. तेवढ्यात जलवाहिनी फुटल्याचा फोन आला आणि तो धावला. आईनं अंदाजानं एक गोळी घेतली, मग दुसरी घेतली, आणि दोन्ही वेळा हात एकाच स्ट्रिपवर पडला. ठोके मंद होत गेले. दुसऱ्या दिवशी इस्पितळात सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय आधीच थकलेलं होतं. हर्षलला ते पटलं नाही. तो जेवेना, झोपेना. कुणी भेटायला आलं की एकच वाक्य बोले, “दोन्ही बशीत मीच ठेवल्या होत्या.”

दहाव्याला सगळे गोदाघाटावर जमले. पिंड मांडला गेला आणि कावळ्याची वाट बघणं सुरू झालं. कावळे समोरच्या भिंतीवर बसले होते. बघत होते, पण उतरत नव्हते. नंदाआत्या पुढे होऊन म्हणाल्या, “वहिनी, हर्षलकडे मी बघेन.” कावळा हलला नाही. मामांनी गावाकडच्या देवाचा नवस फेडायचं कबूल केलं. काही नाही. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. ऊन चढलं. हर्षलचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तो केतकीच्या कानाशी येऊन म्हणाला, “तू बोल. तुझ्यावर जीव होता तिचा. काहीतरी बोल.”

केतकीनं पदर सावरला, हात जोडले, डोळे मिटले.

आणि तिला सील सुचलं.

तिनं ते बोलावलेलं नव्हतं. ‘आपण सगळे किती वेळ असे ताटकळतोय,’ एवढंच मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ धडधडीत दिसलं: फॉइलपण अशीच ताटकळते. मशीन मधेच थांबतं तेव्हा तापलेल्या रुळांमध्ये फॉइलचा जो तुकडा अडकून राहतो, त्याचा गोंद करपतो आणि तिथेच गळती होते. मशीन थांबलं तरी फॉइल थांबता कामा नये. पाळण्यासारखी ती मागे-पुढे झुलत राहिली पाहिजे. इतकं सोपं!

ती डोळे उघडते तोच पंखांची फडफड झाली आणि कावळा पिंडावर उतरला. नंदाआत्या ओरडल्याच, “शिवला! शिवला!” हर्षल मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला.

परतताना गाडीत त्यानं विचारलं, “काय म्हणालीस तिला?”

त्याचे डोळे सुजलेले होते. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आशा होती. केतकीच्या तोंडून निघून गेलं, “म्हटलं, आई, या गोळ्यांचं मी काहीतरी करीन. पुन्हा कुणाच्या घरात असं होऊ देणार नाही.”

हर्षलनं डोळे पुसले. मग म्हणाला, “म्हणजे तिनं मला माफ केलं.” त्या दिवशी घरी आल्यावर तो दोन घास जेवला आणि भरदुपारी लहान मुलासारखा झोपला.

केतकी मात्र न्हाणीघरात उभी होती. केस सोडताना कानामागे काहीतरी लागलं. टिकली! काढायची राहूनच गेली होती. फोन उघडला तर पडद्यावर झेंडूची फुलं पडत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘अभिनंदन! तुमचं दुसरं कोडं सुटलं!’ तिनं फोन पालथा घातला. तिला स्वतःची इतकी किळस याआधी कधी आली नव्हती.

सीलचा उपाय तिनं रजा संपल्यावर कामावर सांगून टाकला. न सांगून काय करणार होती? गळती थांबली. कंपनीनं ती झुलत्या फॉइलची पद्धत आपल्या नावे नोंदवली, चारही कारखान्यांत बसवली, आणि केतकीला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ तिनं माळ्यावर टाकलं.

आणि मग ती खोटं खरं करायच्या मागे लागली. ‘रेघ’चा तास आता विरंगुळा राहिला नव्हता. डोळ्यांना कापड बांधून ती स्ट्रिप चाचपत बसे. चिकटवायचे ठिपके, कापायचे कोपरे, रबरबँड, सगळं करून झालं. ज्यासाठी वेगळा खर्च पडेल ते कुठलीच कंपनी करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उपाय असा हवा होता की ज्याला ‘नाही’ म्हणायला कुणाला निमित्तच मिळू नये.

तो मिळाला कारखान्यात. भर सकाळच्या पाळीत, स्ट्रिप हातात घेऊन सही करताना तिचा अंगठा फॉइलच्या कडेवरून फिरला. सील करणारा रूळ फॉइलवर बारीक चौकटी उमटवतो, ती खडबड बोटाला लागली. रोज लागत होती, आज जाणवली. खडबड तर आधीपासूनच आहे, फक्त सगळ्या औषधांवर एकसारखी! रूळ कोरतानाच वेगळा कोरला तर? रक्तदाबाला शेवयांसारख्या सरळ रेघा, साखरेला साबुदाण्याचे दाणे, हृदयाला चकलीची वळणं. सासूबाईंच्या बोटांना आयुष्यभर ठाऊक असलेले आकार. वेगळा कागद नको, शाई नको, खर्च नको. कानामागे टिकली होती आणि तिनं ठिणगी मुकाट्यानं टिपून ठेवली.

‘रेघ’च्या शेवटच्या प्रकल्पात केतकीनं हे डिझाइन मांडलं आणि खाली लिहिलं, ‘कुणीही वापरावं. मोबदला नको.’ सोबत टिकलीनं टिपलेली कल्पनेची उगम-नोंदही जोडली, कारण ती जोडली की प्रकल्पावर ‘अस्सल’ असा हिरवा शिक्का बसे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नोंदीत तारीख होती, वेळ होती, आणि ती वेळ पाळीची होती.

कामाच्या वेळेत सुचलेलं सगळं कंपनीचं, हे कलम नेमणुकीच्या पत्रात पूर्वीपासून असायचं. पण सुचलं कधी हे कुणाला सिद्ध करता येत नसे, म्हणून ते कलम भिंतीवरच्या वाघाच्या मुखवट्यासारखं नुसतंच दात विचकून असे. न्यायालयांनी टिकलीची नोंद पुरावा म्हणून मान्य केली आणि मुखवट्यात जीव आला.

प्लांट हेड सबनीस यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुढे सरकवली.

“मॅडम, वैयक्तिक घेऊ नका. डिझाइन सुंदर आहे. कंपनी ते आपल्या नावे नोंदवणार, इतकंच.”

“आणि वापरणार?”

“निर्यातीच्या मालावर. तिकडे अशा गोष्टींना किंमत आहे. इकडचं बघू पुढेमागे.”

“सर, इकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठीच आहे ते.”

“मॅडम, ते तुम्हाला कारखान्यात सुचलं,” सबनीस शांतपणे म्हणाले. “घरी सुचलं असतं तर मी स्वतः तुम्हाला पेढे आणले असते.”

मान्य नसेल तर लवादाकडे जायची सोय होती. केतकीनं अर्ज केला खरा, पण तिच्या हातात काही नव्हतं. म्हणजे होतं, आणि तेच तर दुखणं होतं. घाटावरची नोंद तिच्या फोनमध्ये जशीच्या तशी होती. कंपनीचं सील कामाच्या वेळेबाहेर, तिच्या रजेच्या दिवशी सुचलं होतं. कंपनीचाच नियम कंपनीला लावला, तर झुलती फॉइल केतकीची ठरली असती आणि चारही कारखाने तिच्या दारात उभे राहिले असते. फक्त ती नोंद उघडावी लागली असती. ती उघडायची म्हणजे हर्षलच्या पायाखालची फळी काढून घ्यायची. त्यापेक्षा डिझाइन गेलं तरी चालेल, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. ते ठरवून ती रोज रडत होती.

सुनावणीच्या दोन दिवस आधी हर्षल पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि ग्लास तसाच हातात धरून थबकला.

“केतकी, आपण किती वेडे आहोत! कारखान्यात ठिणगी पडली, ठीक. पण मूळ कुठलं? तू आईला शब्द दिलास ते. घाटावर! तो काही कंपनीचा वेळ नव्हता. ती नोंद उघडायची. तुझ्या त्या पहिल्या कोड्याची काहीतरी हालचाल दिसणारच त्यात.”

केतकी कणीक मळत होती. तिचे हात थांबले. “त्या दिवशी कुठे होती टिकली?”

“होती की. पदर घसरला तेव्हा मी बघितली. नंदाआत्यानं विचारलंपण, हे काय चमकतंय म्हणून.”

“नको, हर्षल. ते घरचं आहे. लोकांसमोर नको उघडायला.”

“अगं, कावळा शंभर माणसांसमोर शिवला. आता काय लपवायचं?” त्यानं ग्लास खाली ठेवला. त्याचा आवाज बदलला. “तुला सांगू? त्या तुझ्या एका वाक्यावर मी उभा आहे. नाहीतर मी केव्हाच आडवा झालो असतो. ते वाक्य कागदावर येऊ दे. मला बघायचंय ते.”

“हर्षल, त्या दिवशी मी...”

तो तिच्याकडे बघत होता, अगदी विश्वासानं. तिनं कणकेत पुन्हा बोटं रुतवली. “काही नाही. बघू.”

लवादाचं कार्यालय नाशिकमध्येच होतं, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. लवाद म्हणून निवृत्त न्यायाधीश थत्तेबाई बसल्या होत्या. एका बाजूला सबनीस आणि कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला केतकी. कर्मचाऱ्याला एक सोबती आणायची मुभा होती, तिथे हर्षल इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

वकिलांनी कलम वाचलं, उगम-नोंद दाखवली आणि खाली बसले. सगळं सरळ होतं. थत्तेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“बोरस्तेबाई, तुम्हाला काही म्हणायचंय?”

केतकी उठायच्या आत हर्षलच उठला. “मॅडम, मी बोललो तर चालेल?” आणि परवानगीची वाट न बघता त्यानं घाटावरची सगळी हकीगत सांगितली. बशी, दोन स्ट्रिप, भिंतीवरचे कावळे, नंदाआत्या, आणि केतकीनं डोळे मिटून दिलेला शब्द. मग तो म्हणाला, “त्या क्षणाची नोंद आहे तिच्याकडे. ती उघडा म्हणजे या कल्पनेचा जन्म कुठे झाला ते कळेल.”

वकील सबनीसांच्या कानाशी लागले. मग म्हणाले, “आमची हरकत नाही.” त्यांना त्यात कसली भीती दिसली नसावी. एका कावळ्यानं असं काय बिघडणार होतं?

थत्तेबाई केतकीकडे वळल्या. “नोंद तुमची आहे. उघडायची संमती फक्त तुम्हीच देऊ शकता. मनातलं आहे, तेव्हा नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला. सोबत्याला बाहेर थांबवायचं असेल तरी सांगा.”

हर्षल तिच्याकडे बघून हसला. ‘सांग की,’ असं ते हसू होतं.

केतकीनं त्याच्यावरून नजर काढली. नाही म्हणावं. नाही म्हटलं तर शेवया, साबुदाणा, चकली, सगळं कंपनीच्या कपाटात जाईल, आणि कुठल्यातरी घरात कुणीतरी पुन्हा बशीत दोन चंदेरी स्ट्रिप काढून ठेवील. हर्षल मात्र शांत झोपेल. त्याला बाहेर पाठवावं? तो काही दुधखुळा नव्हता, दाराबाहेर उभा राहूनच त्याला कळलं असतं. आणि आत्ता गप्प राहिलं, तर ते गाडीतलं वाक्य जन्मभर खोटंच राहणार होतं. बोलल्याप्रमाणे करून दाखवलं म्हणून तर ती स्वतःच्या तोंडाकडे आरशात बघू शकत होती. ते डिझाइनच गेलं, तर तिच्याजवळ नुसती थाप उरत होती.

“उघडा,” ती म्हणाली. “हर्षल इथेच थांबू दे. पण पडद्यावर यायच्या आधी मलाच सांगू द्या.”

ती हर्षलकडे वळली.

“त्या दिवशी मी आईंना काहीही म्हणाले नाही. डोळे मिटले आणि मला कामावरचं सील सुचलं. कावळा शिवला तेव्हा माझ्या डोक्यात मशीन होतं. तुला सांगितलं ते खोटं होतं.”

हर्षलचं हसू तसंच राहिलं. त्याला अजून कळायचं होतं.

भिंतीवरच्या पडद्यावर रेषा आली. मागच्या बाजूच्या लहरी मंदावल्या, उजवीकडे झोत उठला, आणि खाली अक्षरं उमटली: ‘कोडं दुसरं. सील. सुटलं.’ पहिल्या कोड्यासमोर नुसती सपाट रेघ होती. सासूबाईंच्या गोळ्यांचा त्या क्षणी मेंदूत मागमूसही नव्हता.

थत्तेबाईंनी विचारलं, “हे सील म्हणजे काय?”

वकिलांनी सबनीसांकडे पाहिलं. सबनीसांचा चेहरा मात्र उतरत गेला. केतकीनं थोडक्यात सांगितलं. फॉइल का करपते, ती झुलती का ठेवायची, कुठल्या कारखान्यांत ठेवली जाते.

“त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात?”

“हो. सुतकाची रजा होती.”

थत्तेबाईंनी वकिलांकडे मान वळवली. “कामाच्या वेळेत सुचलेलं कंपनीचं, असं तुमचं म्हणणं. मग कामाच्या वेळेबाहेर सुचलेलं कुणाचं?”

“मॅडम, ती पद्धत कंपनीच्या नावे रीतसर नोंदलेली आहे. चार कारखान्यांत...”

“नोंदणी मी विचारली नाही. सुचलं कुणाच्या वेळेत, हा तुमचाच प्रश्न आहे. टिकली एका बाजूनंच बोलते का?”

सबनीस उठून उभे राहिले. “आम्हाला पाच मिनिटं द्या.”

पाच मिनिटंही लागली नाहीत. सील कंपनीला राहू द्यावं, डिझाइनवरचा दावा कंपनी सोडते, ते जगानं खुशाल वापरावं, आणि बाईंच्या नोकरीला धक्का लागणार नाही, असं लेखी ठरलं. केतकीनं सही केली. बाहेर पडताना सबनीस तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, हे तुम्ही मला केबिनमध्येच दाखवलं असतं, तर इथवर यावंच लागलं नसतं.” तिनं मान हलवली. या माणसाला काय सांगायचं?

हर्षल तिच्या आधीच जिना उतरून गेला होता. गाडीजवळ उभा होता. त्यानं किल्ली पुढे केली.

“तू चालव,” म्हणाला, आणि मागचं दार उघडून मागे बसला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तो कधी मागे बसला नव्हता. केतकीनं गाडी काढली. रहदारी होती. प्रत्येक सिग्नलला ती आरशात बघे, तो खिडकीबाहेर बघत असे. जिंकल्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. तिला फक्त त्यानं काहीतरी बोलावं असं वाटत होतं, शिवी दिली तरी चालणार होती.

“मग कावळा कशाला शिवला?” त्यानं एकदम विचारलं.

“माहीत नाही. भूक लागली असेल.”

“मी धरून चाललो होतो की तिनं मला माफ केलं. तू शब्द दिलास म्हणून केलं.”

केतकीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मागे वळायचं धाडस तिला झालं नाही. समोर बघतच ती बोलली.

“शब्द दिला मी. आईंना नाही, तुला दिला. गाडीत, तू विचारलंस तेव्हा. तोवर माझ्या डोक्यात तसलं काही नव्हतं. आधी खोटं बोलले आणि मग ते खरं करायला बसले. तुला सांगायचं होतं. पण तू झोपायला लागला होतास रे, जेवायला लागला होतास. मला भीती वाटली.”

“आणि आई? त्या वेळी एकदाही नाही आठवली?”

“डोळे मिटेपर्यंत होत्या. मिटल्यावर नव्हत्या.”

मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

“घाटावर एक नळ होता,” हर्षल म्हणाला. “भटजींच्या मागे. त्याचा वायसर गेलेला. बारीक धार लागली होती. आत्या हाका मारत होत्या, मामा नवस बोलत होते, आणि मी त्या नळाकडे बघत होतो. आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होतो आणि डोळ्यांसमोर नळच येत होता. उद्या माणूस पाठवून वायसर बदलून घ्यायला हवा, एवढंच डोक्यात. स्वतःच्या आईच्या दहाव्याला! म्हणून तुला म्हटलं, तू बोल. मला तोंडच नव्हतं तिच्याशी बोलायला.”

केतकी आता मागे वळली. तो दोन्ही तळव्यांनी डोळे पुसत होता.

“हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नव्हतो,” तो म्हणाला. “नशीब माझं, टिकली तुझ्या कानामागे होती.”

रस्त्यावरून वाहनं जात राहिली. थोड्या वेळानं त्यानं मागचं दार उघडलं आणि पुढे येऊन बसला.